ऑर्लीन स्टॅलार्डची दहा नावं

आमच्या खोऱ्यात तंबाखूची रोपं आधी वाफ्यात वाढवतात आणि मे महिन्यात शेतात लावतात. वाफ्यात सगळी सारखीच हिरवी दिसतात. त्यातलं कुठलं तग धरेल हे सांगणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. बेसबॉलच्या पोरांचं मात्र एकच माणूस सांगायचं. ऑर्लीन स्टॅलार्ड.

मोठ्या शहरातला संघ आपली सगळ्यात कोवळी पोरं आमच्या मैदानावर पाठवतो. कुणी टेक्ससचा, कुणी डोमिनिकन बेटावरचा. मिसरूड नुकती फुटलेली, आईच्या हातचं सोडून दुसरं न खाल्लेली पोरं. उन्हाळाभर ती इथं खेळतात. चांगली निघाली तर वरच्या दर्जाच्या संघात जातात, तिथून आणखी वर, आणि एखादा त्या दिव्यांच्या झगमगाटातल्या मैदानावर पोचतो. बाकीचे कुठं जातात ते आम्ही विचारत नाही.

ऑर्लीन हिवाळ्यात शाळेची बस चालवायची आणि उन्हाळ्यात या संघाची. मी धावफलक सांभाळतो. लोखंडी आकडे खिळ्यांना अडकवतो. सामना सुरू झाला की ती माझ्या शिडीशी खुर्ची टाकून बसे. चेंडूकडे ती फारशी पाहायची नाही. चेंडू हातून सुटला, की सोडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायची.

जुलैच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या अंगणात आइस्क्रीमची पंगत असते. हाताने फिरवायची लाकडी पिंपं, पीच फळाचं आइस्क्रीम, अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबलं. गाव असतं, खेळाडूही असतात. खाणं आटोपलं की ऑर्लीन उभी राहून दहा नावं घ्यायची, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. या पोरांतले हे वर जातील, एवढंच. पहिला येईल त्यानं सगळ्यांच्या बशा धुवायच्या, म्हणजे डोकं जागेवर राहतं. ही आमची रीत.

ती चुकायचीही. तिनं पहिला ठरवलेला एक पोरगा आज टेनेसीत छपरं दुरुस्त करतो, आणि जिचं तिनं नावही घेतलं नव्हतं अशी एक स्वारी टीव्हीवर दिसते. वाण्याच्या दुकानात कुणी तिला टोचलं तर म्हणायची, "चूक देवाकडूनही होते. नाही तर मला या रॉस्कोच्या शेजारी बसवलं असतं का?" रॉस्को म्हणजे मी.

हार्लन तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो लहान होता, ऑर्लीननंच वाढवला. लांब हाताचा, डावखुरा, चेंडू फेकण्यात तरबेज. मोठ्या संघानं त्यालाच उचलला आणि नेमका आमच्याच गावी पाठवला, तेव्हा चर्चची घंटा वाजवली होती. पण त्याच्या बरोबरीचे एकेक करून वर गेले आणि हार्लनचा इथला तिसरा उन्हाळा सुरू झाला. त्या जुलैत जिल्ह्याच्या शाळेनं त्याला खेळ शिकवायला बोलावलं. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी उत्तर हवं होतं.

त्यानं घेवडा आणि मक्याची भाकरी खाता खाता मावशीला सांगितलं, की रविवारी तू माझं नाव घेतलंस तर मी खेळत राहीन, नाही तर शाळेला हो म्हणेन. ती म्हणाली, माझ्या जिभेवर स्वतःचं आयुष्य टांगू नकोस. तो हसला आणि म्हणाला, मग कुणाच्या टांगू?

हे तिनंच मला सांगितलं, शिडीशी बसून. मी बराच वेळ आकडे पुसत राहिलो. मग म्हटलं, "दहावा घे त्याला. दहाव्याला कोण विचारतं?"

"आणि दहावा आहे त्याला काढू?"

"कोण आहे दहावा?"

"एलिएसर."

एलिएसर हा डोमिनिकन पोरगा, पायात वारा असलेला. त्याला आमची भाषा येत नव्हती, बसमध्ये तो ऑर्लीनच्या मागच्या बाकावर बसून तिला आपल्या बहिणींचे फोटो दाखवायचा.

"त्याला काय कळणार आहे," मी म्हटलं.

ऑर्लीन माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. "रॉस्को, हार्लनची बाजू घ्यायला अख्खं गाव बसलंय त्या टेबलांवर. त्या पोराची आई समुद्रापलीकडे आहे. तिच्या जागी कोण बसणार?"



रविवारी ऊन कलल्यावर ती उभी राहिली. फुलाफुलांचा झगा, पायात बस चालवायचेच बूट. पिंपं फिरायची थांबली. तिनं दहाव्याचं नाव घेतलं, एलिएसर. त्यानं आपलं नाव ओळखलं आणि चमचा खाली ठेवला. मग नववा, आठवा. प्रत्येक नावाला टाळ्या, आणि टाळ्या विरल्या की गाव हार्लनकडे पाही. पाचव्यापर्यंत लोकांना वाटलं, ही त्याला वर ठेवतेय. दुसऱ्यानंतर गाव श्वास धरून होतं. पहिल्याचं नाव टेक्ससच्या, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या एका पोराचं निघालं. टाळ्या उशिरा वाजल्या, आणि थोड्याच.

मी तिच्याकडे पाहत होतो. आवाज हलला नव्हता. दहाही नावांना तिनं सारखंच वजन दिलं होतं. डोंगराएवढी माणसं असतात असं आजोबा सांगायचे. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे.

हार्लन उठून तिच्यासमोर गेला. लोक आपापल्या बशांत पाहू लागले.

"मावशी, मी कितवा?"

"तेविसावा."

"तू चुकतेस कधी कधी."

"चुकतेच की. या वेळी चुकले तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "नाही. माझाही आकडा तेवढाच होता. मला फक्त दुसऱ्या कुणाकडून ऐकायचा होता."

सोमवारी सकाळी त्यानं शाळेला होकार कळवला. संध्याकाळी सामना होता. प्रशिक्षकानं त्याला शेवटचा म्हणून एक डाव फेकायला दिला. गाव झाडून आलं होतं.

हार्लननं पहिले दोघे बाद केले, आणि मला वाटलं, झालं, आता ही बाई गावात तोंड कसं दाखवणार. मग पाहुण्या ब्लूफील्ड संघाकडून एक नवा पोरगा बॅट घेऊन आला, हाडकुळा, टोपी कानांवर आलेली. हार्लननं आपला सगळ्यात चांगला चेंडू टाकला. मी त्याला लहानपणापासून पाहतोय, याहून चांगला त्यानं कधी टाकला नसेल.

पोरानं तो मारला. आवाज असा आला, जसा गोठलेल्या तळ्याला तडा जातो. चेंडू कुंपणावरून गेला, तंबाखूच्या वखारीवरून गेला, आणि तरी वर चढतच होता. सूर्य डोंगराआड टेकला होता. खाली सावली, आणि तो एवढासा पांढरा ठिपका अजून उन्हात. कुणीही ओरडलं नाही. हार्लन पाठमोरा वळून, तोंड उघडं टाकून, तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला.

डाव संपल्यावर तो सरळ माझ्या शिडीशी आला. डोळे ओले होते आणि चेहरा उजळला होता.

"मावशी, पाहिलास?"

"पाहिला."

"माझ्या चेंडूवर मारला."

"तुझाच होता म्हणून एवढा गेला," ऑर्लीन म्हणाली. मग खुर्ची सरकवून तिनं त्याला जागा केली. "काय नाव रे त्याचं?"

हार्लनला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. ती दोघं उठली आणि पाहुण्यांच्या बाकाकडे विचारायला निघाली, भरभर, जत्रेत पाळणा दिसलेल्या पोरांसारखी. मी शिडीवरच राहिलो. पाहुण्यांच्या नावापुढचा आकडा बदलायचा होता, आणि मी अजून वखारीवरच्या आभाळाकडे पाहत होतो.