सासूबाई मुराळी झाल्या

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तो बराचसा सासूबाईंच्या जिवावर चालला होता. अंबरनाथला पश्चिमेला, स्टेशनच्या बाजूला आमचं बिऱ्हाड होतं. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात अधिकारी होते, आणि मी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या उल्हासनगरच्या कॅम्पात, लष्करानं सोडलेल्या बराकींमध्ये उभ्या राहिलेल्या इस्पितळाची प्रमुख. लग्नानंतर मी काम करावं की नाही यावर नातेवाइकांत बरीच चर्चा झाली होती. ती सासूबाईंनी एका वाक्यात संपवली, "शिकलीय ती काय कपाटात ठेवायला?" त्या दर सोमवारी शिवमंदिरात जात. पुढे त्यांचे गुडघे धरले. तिथला गाभारा खोल आहे, बऱ्याच पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं, आणि डोक्यावर शिखराऐवजी थेट आकाश. ते उतरणं त्यांना जमेना, तेव्हा तांब्याभर पाणी घेऊन मला पाठवायला लागल्या. "माझ्या वाटचं घाल, तुझ्या वाटचं तुझं तू बघ," म्हणायच्या. मी त्यांच्या वाटचं घालायची आणि घड्याळाकडे बघत वर यायची.

त्या हिवाळ्यात मात्र माझ्या वाटचंही काहीतरी मागावं अशी वेळ आली. इस्पितळात खोकला, ताप, हिवताप यांचे रोगी येत, पोरांना गोवर-कांजिण्या झाल्या की आया धावत येत, पण बाळंतपणाला कोणी येत नसे. बायांचा वॉर्ड मी हौसेनं मांडला होता, खाटांवर धुतलेल्या चादरी, खिडक्यांना पडदे, आणि खाटा रिकाम्या. कॅम्पातली बाळंतपणं बराकीत तरटाच्या आडोशाला व्हायची, आणि काही बिनसलं तर मला निरोप यायचा तो सगळं आटोपल्यावर. मी चिडायची. अडाणीपणा म्हणायची. घरी येऊन भांडी आपटायची. सासूबाई ती भांडी शांतपणे पुन्हा जागेवर ठेवायच्या.

अशात मोहिनी आली. विशीच्या आतलीच, पहिलटकरीण, आठवा लागलेला. शेजारणीबरोबर सासूच्या नकळत आली होती. अंगावरून थोडं लाल गेलं होतं, पण दुखलंखुपलं काही नाही, म्हणून तिला स्वतःला फारशी काळजीही वाटत नव्हती. मला मात्र ऐकताक्षणीच कळलं. वार गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली असली की असं होतं. आधी एखाददुसऱ्या वेळी थोडं जातं, आणि मग एक दिवस असं जातं की घरातल्या बायका नुसत्या कपडे आणत राहतात. ही मुलगी घरी राहिली तर ती जाणार आणि बाळही जाणार, हे मला दिसत होतं. तिला इस्पितळात ठेवून घ्यायचं, खाटेवर नुसतं पडून राहायला लावायचं, आणि वेळ आली की ऑपरेशन करायचं, एवढाच उपाय होता. मी तिला तिथंच थांब म्हटलं. ती म्हणाली, "सास से पूछना पड़ेगा," आणि गेली ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर देऊन तिच्या बराकीकडे पाठवले. तिनं चालू नये, धक्का लागू नये, हा माझा विचार. ते रिकामं स्ट्रेचर घेऊन परत आले. तिच्या सासूनं, ईश्वरीबाईनं, ते बघताच दार लावून घेतलं होतं. पुढे मला कळलं, कॅम्पात लोक नुकते आले तेव्हा पटकीची साथ आली होती आणि ईश्वरीबाईचा नवरा आमच्याच इस्पितळाच्या बराकीतून अशाच स्ट्रेचरवरून बाहेर नेला होता, तोंडावर चादर घालून. बिचारीच्या दारात मी तेच पाठवलं होतं. मी स्वतः गेले तर दाराआडून एवढंच ऐकू आलं, "हमारे में पहला बच्चा पेके में होता है, नहीं तो घर में. अस्पताल में लोग मरने जाते हैं, बाई." पेके म्हणजे त्यांच्यात माहेर. आणि मोहिनीचं माहेर सिंधमध्ये राहून गेलं होतं. आई येता येता वाटेतच गेली, बाकीच्यांचा ठावठिकाणा नाही.

सोमवारी तांब्या घेऊन मी गाभाऱ्यात उतरले. सासूबाईंच्या वाटचं पाणी घातलं आणि तशीच उभी राहिले. प्रार्थना अशी मला येत नव्हती. मी भांडलेच म्हणा ना. मी सगळं शिकले, सगळं मांडून ठेवलं, आता एका बाईला एक दार ओलांडायला लावणं एवढंही तुला जमत नाही का, असं मनातल्या मनात विचारलं. वर आकाशाचा तुकडा होता, एक साळुंकी काठावर बसली होती. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. पदरानं तोंड पुसून वर आले.

बाहेर, वालधुनी नदीच्या बाजूला चिंचेच्या सावलीत एक म्हातारी सिंधी बाई पितळेची घागर घेऊन बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होती. कॅम्पातल्या लोकांची ही रीतच आहे, स्वतःकडे काही नसलं तरी आल्यागेल्याला पाणी विचारणार. तिनं मला हातानं बोलावलं, पेला भरून दिला, आणि मी पीत असताना अगदी सहज विचारलं, "पेका कहाँ है तेरा, बेटी?" मी म्हटलं, "नहीं है. माँ बचपन में गई." हे मी सहसा कोणाला सांगत नाही. तिनं मान हलवली. म्हणाली, "मेरी धीअ भी पूछती थी, अम्मा, अब पेका कहाँ? मैंने बोला, जहाँ से कोई लेने आए, वही पेका." तिची ती मुलगी कुठे आहे हे मी विचारलं नाही. पेला परत दिला. ती पुढच्या माणसाकडे वळली.

टांगा स्टेशनकडे निघाला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. इस्पितळात न जाता मी आधी घरी आले. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. बदलापूरची एक कुळवाडीण दरवर्षी त्यांना नवे तांदूळ आणून द्यायची. मी तिथंच खाली बसून सगळं सांगितलं. मोहिनी, स्ट्रेचर, पाणी देणारी बाई, तिचं बोलणं. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"मग लेकीला आणायला मुराळी कोण जाणार?" त्या म्हणाल्या. जशी काही त्यांची स्वतःचीच मुलगी सासरी अडकून पडली होती.

"मी जाते ना उद्या. आज दुपारी एक ऑपरेशन आहे."

"तू नको. तुझ्या अंगाला औषधांचा वास येतो. मी जाते. आणि उद्या अमावस्या आहे. अमावस्येला कोणी लेकीला आणायला जातं का? आजच जायचं."

मी त्यांच्या पंचांगाची एरवी पुष्कळ थट्टा करायची. त्या दिवशीही तोंडावर आलं होतं, एका दिवसानं काय होतंय. पण मी थकले होते. बरं म्हटलं आणि इस्पितळात गेले. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे ते बरं म्हणणं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या निघाल्या. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, सुपात त्याच नव्या तांदळांची ओटी, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. ह्यांना कारखान्यातून लवकर बोलावून घेतलं, कारण भाऊ बरोबर असल्याशिवाय मुराळी कसला. मी मागून पोचले तेव्हा सासूबाई ईश्वरीबाईच्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पुढे भाजलेला पापड आणि पाणी. त्यांचं हिंदी ऐकून घोडासुद्धा हसला असता. "हमारी लेक का पहिला बाळंतपण है," त्या सांगत होत्या. "पहिला माहेर में ही होता है. तुमारे में भी, हमारे में भी. मैं उसकू लेने को आया. ये उसका भाऊ. हमारे सून का इस्पितळ, वोहीच उसका माहेर. सव्वा महिने के बाद हमीच पोचवेगा."

ईश्वरीबाईनं सासूबाईंकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं, सुपातल्या नारळाकडे बघितलं. मग उठून तिनं ट्रंक उघडली आणि तांबडी ओढणी काढली. "इसकी माँ ने मुझे वचन दिया था," ती म्हणाली. "बोली थी, पहले बच्चे पे लेने आऊँगी, उस दिन यही उढ़ाना. मैं संभाल के बैठी हूँ. कोई आया ही नहीं." आणि ती रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. नंतर ओढणी तिनंच मोहिनीच्या डोक्यावरून घातली, आणि सासूबाईंनी ओटी भरली. मी दारात उभी होते, माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. मोहिनीला घेऊन टांगा अगदी पायापायानं इस्पितळाकडे चालला होता. खड्ड्यात धक्का बसू नये म्हणून हे घोड्याचा लगाम धरून पुढे चालत होते, हपिसातल्या इस्त्रीच्या पँटीवर धूळ घेत. मागे ईश्वरीबाई आणि निम्मी बराक. कुठून कोण लग्न करून आलं म्हणून लोक बघत होते.

दुसऱ्या दिवशी, अमावस्येला, भरदुपारी मोहिनीला रक्तस्राव सुरू झाला. तो कसा होता ते लिहीत नाही. आमच्या बदलापूरच्या सिस्टरनं मला हाक मारली, तेव्हा मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते. एवढंच अंतर होतं. घरी असती तर तरटाआडून निरोप निघून माझ्यापर्यंत पोचेतो काही उरलं नसतं. मी लगेच ऑपरेशनला घेतलं, सिस्टरनं ईथर धरलं. रक्त लागणार होतं. मोहिनीच्या नवऱ्याचं जुळेना. ह्यांना बोलावणं पाठवलं. आमचे हे सुई बघितली की पांढरेफटक पडतात. लहान मुलांना लस टोचतानासुद्धा यांना मी बाहेर उभं करते. आले, माझ्याकडे न बघता बाही वर केली आणि म्हणाले, "भाऊ म्हणून नेलंत ना मला. मग बघा जुळतंय का." जुळलं.

मुलगी झाली. एवढीशी होती, रडायला तिनं वेळ लावला, पण रडली. मोहिनीचे ओठ संध्याकाळपर्यंत पांढरे होते, मग हळूहळू त्यांवर रंग आला. मी बाहेर आले तेव्हा ओसरीवर दोन्ही सासवा एका बाकावर बसल्या होत्या. एक झुलेलालला हाक मारत होती, एक महादेवाला, आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. दोघीही सुखरूप आहेत म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला आधी गूळ-पाणी दे, तो पडेल." तेव्हा मला नवऱ्याची आठवण झाली.

पुढच्या सोमवारी मी चिंचेखाली गेले. घागरवाली बाई नव्हती. बेलफुलंवाल्याला विचारलं. अशा खूप जणी येऊन बसतात, नेमकी कुठली, असं त्यानं विचारलं, आणि मला तिचा चेहरासुद्धा धड सांगता येईना. त्यानंतरही काही सोमवार मी शोधलं. एकदा घरी बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "तिनं पाणी पाजलं, तू प्यालीस. आता पत्ता कशाला हवा?" मी शोधणं सोडलं. ती कोण होती, त्याच दिवशी तिथं का होती, आणि अमावस्या मंगळवारऐवजी बुधवारी असती तर काय झालं असतं, याची उत्तरं माझ्याजवळ नाहीत. ती उत्तरं नसल्याचा आता त्रासही होत नाही.

सव्वा महिन्यानं मोहिनीला आम्ही रीतसर सासरी पोचवलं, बाळंतविड्यासकट. त्यानंतर कॅम्पातून बोलावणी यायला लागली, पण मला नाही, सासूबाईंना. त्या गुडघे चोळत टांग्यात चढायच्या. स्ट्रेचर मी कोणाच्या दारात पुन्हा पाठवलं नाही. पुढे त्यांना टांग्यातही चढवेना, तेव्हा मला वाटलं, आता वॉर्ड पुन्हा रिकामा होणार. तसं झालं नाही.

एका सकाळी एक अनोळखी मुलगी एकटीच, कमरेवर हात ठेवून, काखेत गाठोडं घेऊन इस्पितळाच्या दारात उभी राहिली. बरोबर कोण आहे, कोणी पाठवलं, असं सिस्टर तिला विचारत होती. मुलीला तो प्रश्नच कळेना. "किसने भेजा क्या?" ती म्हणाली. "पेके आई हूँ."

मी पुढे झाले आणि तिच्या काखेतलं गाठोडं घेतलं. माहेरी आलेल्या मुलीचं ओझं दारातच उतरवून घ्यायचं असतं, हे घरात आई नसताना मी वाढले तरी मला माहीत होतं. त्या सोमवारी गाभाऱ्यात सासूबाईंच्या वाटचं पाणी घातलं, मग थोडं माझ्या वाटचं. आणि वर आकाशाकडे बघताना लक्षात आलं, इतकी वर्षं मी माझं गाठोडं काखेत घट्ट धरूनच ह्या पायऱ्या उतरत होते, आणि दारात कोणीतरी ते घ्यायला हात पुढे करून उभं होतं.