सुभेदार साहेबांनी आधी बोलू नये

डॉक्टर म्हणाले, "यांना सिव्हिअर डिप्रेशन आहे, सोबत सुइसायडल आयडिएशन." म्हणजे तीव्र नैराश्य, आणि मनात सारखे मरणाचे विचार. माझे यजमान शेजारी ताठ बसून होते. "तसं काही नाही सर, मी ठीक आहे," म्हणाले. मला असा राग आला. ठीक होते तर मी काय हौसेनं आणलं होतं इथं?

हे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही गंगापूर रोडला राहायला आलो. आधी झोप उडाली, मग जेवण तुटलं. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "मी नसलो तरी तुमचं काही अडणार नाही." तुमच्या घरी कोणी असं बोललं तर थट्टेवारी नेऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आल्या. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. वेटिंग रूममध्ये मला एका जागी बसवत नसे. उठा, पाणी प्या, नंबर विचारा, पुन्हा बसा.

गोळ्यांच्या जोडीला दवाखान्यात माजी सैनिकांचा एक गटही होता, आत्महत्या टाळण्यासाठीच चालवलेला. खुर्च्या गोल मांडलेल्या, घरच्यांनाही बसायची मुभा. पण सगळे आधी यांच्याकडे बघायचे, कारण हे सर्वांत सीनियर. हे म्हणायचे, "सब ठीक." मग हवालदार ठीक, नाईक ठीक, जवानही ठीक. साहेबांपुढे कोण कण्हणार? कितीतरी बैठका अशाच वाया गेल्या, आणि घरी येऊन मी भांडी आपटायची.

शेवटी गट चालवणाऱ्या समुपदेशक बाईंना म्हटलं, "मॅडम, यांना आधी बोलूच देऊ नका." त्यांनी क्रम उलटा लावला. पहिला बोलला मनमाडचा एक जवान, तीन मुलींचा बाप. यांच्याकडे बघत म्हणाला, "लय दिवस झाले साहेब, जगावंसं वाटत नाय." हे उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले. "मलाही नाही वाटत," म्हणाले.

मला रडू फुटलं, आणि रागही आला. घरात मी विचारून विचारून थकले, आणि सांगितलं कोणाला, तर परक्या माणसाला. बाई म्हणाल्या, "आता तुम्हीही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही."

तेव्हापासून गुळमुळीत विचारणं बंद केलं. हे पूर्ण बरे झालेत असं म्हणणार नाही. अंघोळीला जरा वेळ लागला की मी अजून दार वाजवते. त्या मनमाडच्या माणसाचा फोन येतो, हे त्याला गोळी घेतली का म्हणून दटावतात. त्याचे उपकार मी कसे फेडणार, मला कळत नाही.

काल दुपारी हे उगाच स्वयंपाकघरात घुटमळत होते. लुडबुड नको म्हणून मी मेथी निवडायला बसवलं. संध्याकाळी विचारलं, "अहो, आज मरावंसं वाटलं का?"

"दुपारी वाटलं," हे म्हणाले. "म्हणून तर तुझ्याजवळ येऊन बसलो."