अळणी नवरात्र

नवरात्रात दौड ठेवणाऱ्यांच्या डोक्यात काय असतं, ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं न्हाई. ऑक्टोबरचं ऊन, निम्मे पळणारे उपाशी, निम्मे अनवाणी. अन् सरकारी दवाखान्याची नर्स म्हणून घनसावंगीच्या रस्त्याला बाभळीखाली टेबल मांडून बसायचं ते मी. वर्षानुवर्षं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. सलाईनच्या दोनच बाटल्या दिल्त्या, त्या पहिल्या दोघांना लागल्या. दवाखान्याची जीप त्यांना घेऊन गेल्ती. माझे पाय भरून आल्ते, कधी एकदा घरी जाऊन पडते असं झाल्तं. तेवढ्यात चौघांनी एकाला उचलून आणलं. पंचविशीतला शेतकरी गडी. पोटऱ्यांत गोळे, उलट्या, ओठ पांढरेफटक, पण शुद्धीत होता. मी पुडी फोडून पाण्यात कालवली.

"काय हाय त्यात?"

"साखर-मीठ. पी जल्दी."

त्यानं तोंड फिरवलं. "मीठ न्हाई चालत, सिस्टर. अळणी नवरात्र धरलंय. पोरीसाठी."

पोरगी वर्षाची, काळजाला छिद्र. जालन्याच्या डॉक्टरांनी हात टेकल्ते. आज सातवी माळ. मीठ पोटात गेलं की पोरगी गेली, हे त्याच्या मनानं घेतलं होतं.

"मंग पळायला कशाला आलास?"

"देवीपुढं बोललो होतो."

माझा पारा चढला. "अन् तूच गेलास तर तिला कोण बघंल?"

"ती राह्यली म्हणजे झालं."

नाडी हाताला नीट लागत नव्हती. जीपचा पत्ता न्हाई. मी पेला घेऊन टेबलामागं गेले, पाठ करून जराशी उभी राह्यले अन् तोच पेला परत आणला. "घे. नुसती साखर हाय. देवीची शपथ."

पहिल्याच घोटाला तो थांबला. सात दिवस मीठ न शिवलेली जीभ, तिला कळणार न्हाई व्हय? माझ्याकडं बघत राह्यला. मंग डोळे मिटून सगळं प्याला.

"पाप कोणाला लागंल, सिस्टर?"

"मला. तू दुसरा पेला घे."

जीप आली, तो वाचला. मी काही उपासतापास करणारी बाई न्हाई. पण उरलेले दोन दिवस अळणी जेवले. नवऱ्यानं विचारलं तर बीपी वाढलंय म्हणून सांगितलं. खोटं बोलायची सवय झाल्ती.

त्याचं गाव तिथून दोन कोसांवर. पोरीचं विचारायला मी कधीच गेले न्हाई.