तीन तासांचं अंतर

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते माझे थोरले भाऊ, आमचे अण्णा. वडील गेले तेव्हा त्यांनी शाळा सोडली आणि हुबळीजवळ तारिहाळच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, ते त्यांच्यामुळे. नोकरी गुवाहाटीला लागली तेव्हा हुबळीतल्या आमच्या कमरीपेठेतल्या गल्लीभर पेढे त्यांनीच वाटले.

बापाला थोरल्यानं अग्नी द्यायचा, आईला धाकट्यानं, ही आमच्याकडची रीत. आई पहाटे गेली. फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "ये. तुझ्यासाठी थांबतो."

मी तसाच विमानतळावर गेलो. सकाळच्या विमानात जागा नव्हती, दुपारचं मिळालं. कोलकात्याला उतरून दुसऱ्या विमानाची वाट बघायची, मग बंगळूर, तिथून हुबळीची बस. कोलकात्याहून मी फोन केला, तो वहिनींनी घेतला. उद्या सकाळी पोचेन म्हणालो. त्या नुसत्या रडत होत्या. त्यांनी काय ऐकलं कोण जाणे.

घरात काय चाललं होतं ते नंतर कळलं. चुलतभावानं मोबाइलवर हुबळी आणि गुवाहाटी अशी दोन नावं घातली. उत्तर आलं: अंतर दोन हजारांवर किलोमीटर, विमानानं तीन तास. हे एका शहरातून दुसऱ्या शहरात सरळ रेघ ओढून काढलेलं अंतर. त्या रेघेवरून एकही विमान उडत नाही. पण मोबाइलवर आलं म्हणजे खरंच. अण्णांनी सगळ्या भावकीला सांगितलं, दुपारपर्यंत धाकटा येतोय, तिरडी उचलायची नाही.

दुपार टळली. म्हातारी माणसं कुरकुरू लागली. एका मामांनी विचारलं म्हणे, "साहेब विमानानं येतायत की चालत?" दुसरे म्हणाले, "शिकून मोठं झालं की आई लांबच पडते की." अण्णा खाली मान घालून बसून राहिले. दिवस मावळायच्या आत उरकायला हवं होतं. शेवटी अग्नी त्यांनीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. मी सगळा प्रवास सांगायला लागलो, तर अण्णांनी हात वर केला.

"तीन तासांची वाट. चार माणसांत माझं तोंड काळं केलंस."

दिवसकार्य होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. निघताना पाया पडलो, तर पाय मागे घेतले. फोन उचलत नाहीत, म्हणून शेवटी पत्र टाकलं.

"तीर्थरूप अण्णा,
तुमच्यामुळे मी माणूस झालो. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. आईला अग्नी तुम्ही दिलात याचं मला दुःख नाही. तुम्हीच तिचं सगळं केलंत, तो मान तुमचाच. पण मी मुद्दाम उशीर केला असं तुम्हाला वाटतं, ते मला सोसत नाही. मामांना वाटू दे. भावकीला वाटू दे. तुम्हाला कसं वाटलं?

आता मी कसलाही खुलासा देणार नाही. तुम्ही एकदा माझ्याकडे या. तिकीट मी काढतो. कमरीपेठेतून निघताना घड्याळ बघा आणि माझ्या दारात पोचल्यावर बघा. मग तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते बोला. मी ऐकून घेईन.
तुमचा धाकटा"