सुमनआक्काच्या कालवडी

एक्स-रेची जुनी फिल्म उन्हाकडे धरून सुमनआक्का आधी त्यातलं हाड नीट बघायची आणि मगच ब्लेड चालवायची. पाथर्डी तालुक्यातल्या ज्या गावात मी नऊ वर्षं शिक्षिका होते, तिथली ती पेंटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नंबर टाकणं हा तिचा धंदा. फिल्ममध्ये आकडे कापायचे, तो साचा पत्र्यावर दाबायचा आणि वरून रंगाचा स्पंज थापायचा. "कागद भिजतो बाई, ही भिजत न्हाई," तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

उरलेल्या फिल्ममधून ती जनावरांचे साचे कापायची आणि गावाच्या भिंतींवर उठवायची. आरोग्य उपकेंद्राला महिनोन्‌महिने कुलूप होतं, तेव्हा त्याच्याच भिंतीवर तिनं रवंथ करणारी म्हैस काढली. खाली लिहिलं, 'मी आजारी पडले की डॉक्टर येतो.' घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघालेले लोक टेम्पो थांबवून वाचायचे. हे सगळं भर दिवसा चालायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "चोरून कशापायी? कुनी इचारलं तर नाव सांगायला नको?"

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघत. धाकटी भावंडं सांभाळायला माझ्या वर्गातल्या मुलीही जात. एका वर्षी अकरा गेल्या. मी आक्काजवळ मन मोकळं केलं. तिनं फक्त त्यांचे हजेरीचे नंबर विचारून घेतले. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अकरा कालवडी ओळीनं चालत होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात दप्तर आणि अंगावर एकेक नंबर.

सरपंचांनी ग्रामसभेत विषय काढला. "आक्का, गावाची बदनामी हुतीय. पुसून टाक."

"पुसते की. पोरगी वर्गात दिसली की तिची कालवड पुसते."

"अन आमीच चुना मारला तर?"

"मारा. साचा माझ्याकडं हाय."

मागे बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "सात नंबर माझी नात हाय. मी ठिवून घेते तिला, पन मला दिसत न्हाई. रांधायचं कुनी?"

त्या प्रश्नानं सभेचा सूरच बदलला. मुख्याध्यापकांनी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवला. मंजुरी येईपर्यंत गावातल्या बायकांनी शाळेत आळीपाळीनं स्वयंपाक केला. कारखान्यांवर फोन गेले. मुली एकेक करून परतू लागल्या. प्रत्येकीला आक्का भिंतीपाशी न्यायची आणि तिच्यादेखत कालवडीवर पांढरा ब्रश फिरवायची. "जा गं, तुजं काम झालं," असं त्या कालवडीला सांगायची. त्या दिवसांत तिच्या शेजारी उभं राहताना माझी मान ताठ व्हायची.

दहा पुसल्या. अकराव्या मुलीचं तिकडंच लग्न लावून दिलं होतं. तिच्या चित्रापुढे आक्कानं ब्रश डब्यात टाकला. मग म्हणाली, "ही ऱ्हाईल."

पुढे माझी बदली भंडारदऱ्याकडे झाली. मी निघाले त्या दिवशी यात्रेसाठी ग्रामपंचायतीला चुना देणं चालू होतं. गड्यानं कालवडीवर ब्रश नेला, तसा सरपंचांनी त्याचा हात धरला.

"तेवढी सोडून मार," ते म्हणाले.