फुटला का फोडला

सक्करदऱ्याच्या तळ्यापासून थोडं आत एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या बिलाच्या खिडकीत गोपिकाबाई बसायच्या. काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, मॅट्रिक झालेल्या, आणि आवाज असा की बाहेर टांग्याचा घोडा कान टवकारायचा. डॉक्टर केस पेपरवर आजाराचं नाव लिहीत. मग एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात त्या आजाराचा नंबर शोधून तो बिलावर टाकायचा, हे बाईंचं काम. नंबराशिवाय बिल पुढे सरकत नसे. जगातल्या प्रत्येक दुखण्याला नंबर असतो, हे मला बाईंमुळेच कळलं.

कानाचा मात्र घोळ होता. आपल्याकडे कानातून पू आला की लोक ‘कान फुटला’ म्हणतात आणि कानफटात बसून पडदा फाटला तरी ‘कान फुटला’च म्हणतात. पुस्तकात पहिला आजारात मोडतो, दुसरा इजेत, आणि दोघांचे नंबर पार दोन टोकांना. म्हणून कानाचा रोगी खिडकीशी आला की बाई विचारायच्या, “फुटला का फोडला?” रांगेतली माणसं हसायची. पडशानं कान वाहणारी पोरं “फुटला” म्हणत आणि बाई त्यांना माहेरच्या संत्र्याची एक फोड देत. त्या फोडीपायी वस्तीतल्या निम्म्या पोरांचे कान हिवाळाभर दुखायचे.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात मी आठ वर्षांची होते. एका संध्याकाळी तळ्याकाठी बोरं वेचत बसले आणि अंधार कधी पडला ते कळलंच नाही. माझे बाबा, श्रीधरराव, पाटबंधारे खात्यात कारकून. मला शोधत ते सगळं तळं फिरले. पाण्याजवळ लाल फ्रॉक दिसला होता, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी सापडले तेव्हा त्यांनी आधी मला घट्ट धरलं आणि मग डाव्या कानाखाली ठेवून दिली. कानात किती तरी वेळ शिट्टी वाजत राहिली. आईनं लसूण घालून कोमट तेल सोडलं. दोन-चार दिवसांत ताप चढला आणि उशी पुवानं ओली झाली.

डॉक्टरांना बाबांनी सांगितलं, “पडसं झालं होतं.” डॉक्टरांनी मधल्या कानाचा आजार लिहिला, सुया टोचल्या, थेंब दिले. बाबा एरवी खोटं बोलणारे नव्हते. पण त्यांची नोकरी अजून कच्ची होती आणि त्याच महिन्यात कायम व्हायची होती. मारानं दुखावलेला रोगी आला तर पोलीस चौकीला कळवायचं, असा दवाखान्याचा नियम होता. चौकीतली गोष्ट साहेबांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो? आईनं मला घरूनच पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर ‘फुटला’ म्हणायचं.

बाईंनी विचारलंच. “फुटला का फोडला वं?”

मी बाबांकडे पाहिलं. एवढासा शब्द, पण तो तोंडातून निघेना. ज्या हातानं मारलं होतं त्याच हातात माझं बोट होतं.

“बोल ना वं बाई, रांग खोळंबून राहिली.”

“फोडला,” बाबा म्हणाले. “मी फोडला.”

रांगेतलं कुणी हसलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. “काहून मारलं जी?”

बाबांनी तळ्याचं सांगितलं, लाल फ्रॉकचं सांगितलं. सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. तोवर मी बाबांना रडताना पाहिलं नव्हतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मले समजते,” त्या म्हणाल्या. “माह्या घरीबी लेकरं आहेत. पण आजाराचा नंबर आता मले टाकता येत नाही.” आणि केस पेपर घेऊन त्या उठून डॉक्टरांकडे गेल्या.

चौकीतून हवालदार आला. त्यानं सगळं लिहून घेतलं, बाबांना दम भरला. बाबा कायम झाले ते दोन वर्षांनी, त्यांच्यामागून खात्यात लागलेल्या मधुसूदनकाकांच्या हाताखाली. गोपिकाबाईंचं नाव निघालं की आई भांडी आपटायची. मीही त्यांच्यावर डूख धरून होते. बाईंनी मात्र ओळख सोडली नाही. मी कान दाखवायला गेले की त्या खिडकीतून हाक मारायच्या, फोड पुढे करायच्या. मी घेत नसे. मग एकदा घेतली. गोड होती, काय करणार?

चौऱ्याऐंशी साली बाई निवृत्त होऊन काटोलला गेल्या. त्यानंतर त्या खिडकीत पुष्कळ माणसं बसली, पण कुणी काही विचारत नसे. केस पेपरावर असेल ते बिलावर उतरायचं. मला बाईंची फार आठवण येते. त्यांचा राग यायचा, त्याचीसुद्धा आठवण येते.

बाबांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. माझा धाकटा भाऊ नंतरचा, आणि माझ्या दसपट वांड. अठ्ठ्याऐंशी साली बाबा गेले. तेराव्याच्या दिवशी पंगती उठल्यावर तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला आणि काहीतरी म्हणाला. मला नीट ऐकू आलं नाही. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

“ताई, बाबांनी आपल्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही, नाही का?”

मी हो म्हटलं.