काठोकाठ भरलेलं माप

मंडळी, सल्ला हवाय.

आज दुपारी माझ्या मुलाची, निनादची, होणारी बायको युकी तिच्या वडिलांना घेऊन इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्याकडे आली. आमची पहिलीच भेट. ते जपानहून साके घेऊन आलेले, म्हणजे तांदळाची दारू.

त्यांनी चौकोनी लाकडी डब्यात छोटा ग्लास ठेवला आणि ओतायला लागले. ग्लास भरला तरी ओततच राहिले. "अहो, सांडतंय!" म्हणत मी चक्क त्यांच्या हातातली बाटलीच धरली!

त्यांचा चेहरा पडला. निनाद डोळे वटारून म्हणाला, "आई, मुद्दाम सांडतात. भरभरून दिलं, असा अर्थ असतो."

मेलेच मी. गुपचूप घोट घेतला. गार, किंचित गोड, वास थेट गरम पेजेचा. "छान आहे हो," मनापासून म्हटलं, तेव्हा कुठे ते हसले. डबा पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. युकीने सांगितलं, "पूर्वी यात तांदूळ मोजायचे. बाबा म्हणतात, लग्नात वापरा."

वापरू की! पण गृहप्रवेशाला त्यांचीच लेक ते माप पायाने लवंडणार, हे त्यांना कसं सांगू?